डायरीवरचा प्लॉट

इंदूरच्या रामबागेतला आमचा वाडा मालकाने विकायला काढला आणि वडिलांपासून भाड्याने राहिलेल्या आम्हाला दोन महिन्यांत जागा सोडायची होती. माझं शिलाईचं दुकान. बँक पगाराची स्लिप मागते, ती कुठून आणू? अशात गणेशोत्सवातल्या ओळखीचे एक गृहस्थ घरी आले, पोहे खाल्ले, म्हणाले, "आपल्या माणसांसाठी वेगळा भाव." इंदुरात दलाल शुद्ध मराठीत बोलायला लागला की आपण निम्मे तिथेच विरघळतो.

खंडवा रोडला तेजाजीनगरच्या पुढे 600 फुटांचा प्लॉट. शेतात फक्कीने आखलेले रस्ते, चार विजेचे खांब. "खांबांवर तारा कुठायत?" बायकोने विचारलं. मी तिलाच गप्प केलं.

2 लाख 80 हजार रोख दिले. पावती नाही. खिशातल्या डायरीचं पान फाडून त्यावर प्लॉट नंबर, पुढे '2.80' आणि एक सही, जी कुणाचीही असू शकते. याला इथे 'डायरीवर घेणं' म्हणतात. पैसेवालेही घेतात, म्हणून धीर आला. त्यांचा एक प्लॉट बुडतो, आमचं घर बुडालं.

रजिस्ट्रीचा तगादा लावला तर नोटरी करून दिली. शिक्के भरपूर. पण 1908च्या नोंदणी कायद्याप्रमाणे रजिस्ट्रीशिवाय जमिनीची मालकी येत नाही, हे मला पटवाऱ्याने, म्हणजे तलाठ्याने, सांगितलं. खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, जमीन अजून शेतीचीच, मालक तिसराच, डायव्हर्शन (बिनशेती) झालेलंच नाही.

तुम्ही टोकन द्यायच्या आधी खसरा नंबर मागा आणि भूलेख या सरकारी वेबसाइटवर स्वतः बघा. टीएनसीपीचा, म्हणजे नगररचना खात्याचा, मंजूर नकाशा आणि स्कीमचा रेरा नोंदणी नंबर मागा. रेरा म्हणजे घर-प्लॉट घेणाऱ्यांसाठीचा 2016चा कायदा; त्यात स्कीमची नोंदणी होण्याआधी बुकिंग घेताच येत नाही. "छोटी स्कीम आहे, रेरा लागत नाही," असं मलाही ऐकवलं होतं. ती सूट 500 चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीला किंवा आठ फ्लॅटपर्यंत. आमच्या नकाशात 600 फुटांचे साठ प्लॉट होते! आणि जमिनीच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यात बसत नाही, म्हणून रोखच मागणाऱ्यासमोरून उठा.

पोलीस ठाण्यात मुंशीने, म्हणजे तिथल्या कारकुनाने, ते डायरीचं पान उलटसुलट करून पाहिलं. "दो पॉइंट अस्सी क्या, भिया? किलो?" त्याचं काय चुकलं? पानावर साधं 'रु.'सुद्धा नव्हतं.