वस्तीवरच्या कामाला काय घ्यावं: पॉवर टिलर, १५ एचपी, २४ एचपी फोर बाय फोर, की भाड्याचा ट्रॅक्टर?

छोटा ट्रॅक्टर घ्यायला निघालेला माणूस शोरूममध्ये आधी एचपी विचारतो. त्याआधी आपल्या रानात टेप लावून तीन मापं घ्यावीत: झाडांमधली मोकळी वाट, ओळीच्या टोकाला वळायला असलेली जागा आणि फाटकाची रुंदी. मोकळी वाट म्हणजे लागणीचं अंतर नव्हे. डाळिंबाची लागण १४ बाय १० फुटांवर असली तरी फळावर आलेल्या बागेत दोन्हीकडच्या फांद्या वाटेत येतात, आणि फळांच्या वजनाने त्या आणखी वाकतात. मागच्या टायरांचं बाहेरून बाहेरचं माप त्या उरलेल्या वाटेपेक्षा किमान दीड फूट कमी हवं. छोट्या ट्रॅक्टरचं हे माप साधारण ३ ते ४ फूट असतं, ४५ एचपीच्या ट्रॅक्टरचं साडेपाच-सहा फूट. ओळीच्या टोकाला १० ते १२ फूट मोकळे नसतील तर छोटा ट्रॅक्टरही मागेपुढे करत वळतो आणि निम्मा वेळ तिथेच जातो.

घराभोवती एकरभर जागा, थोडी भाजी, दहा-वीस नारळ-आंबा एवढाच पसारा असेल तर ट्रॅक्टर घेऊच नये. वर्षभरात २५-३० तासांचंही काम निघत नाही. ७ एचपीचा पॉवर वीडर (तण काढायचं यंत्र) आणि खांद्यावरचा ब्रश कटर पुरतो, आणि उन्हाळी नांगरटीला शेजारचा ट्रॅक्टर सांगता येतो.

पॉवर टिलर, म्हणजे व्हीएसटी १३० डीआयसारखा १३ एचपीचा, साधारण दोन फुटांचा पट्टा ओढतो. अरुंद वाटेत तो चांगला चालतो आणि किंमतही ट्रॅक्टरपेक्षा बरीच कमी. पण त्याच्यामागे दिवसभर चालावं लागतं, आणि काळ्या रानातल्या ढेकळांवर हँडल धरून दंड भरून येतात. उतारावर एक धोका नक्की समजून घ्यावा: इंजिनचा ब्रेक लागलेला असताना, म्हणजे इंजिन टिलरला मागे धरत असताना, साइड क्लच (एका बाजूच्या चाकाची ताकद तोडणारा) दाबला की टिलर नेहमीच्या उलट दिशेला वळतो. विहिरीच्या कडेला किंवा बांधावर नवख्या माणसाला तो देऊ नये. बागेला पुरेल असा ब्लोअर (पंख्याच्या हवेने फवारणारं यंत्र)ही त्यावर चालत नाही.

१५ एचपीच्या गटात स्वराज ७१७ आणि महिंद्रा युवराज २१५ ही नावं पुढे येतात. दोन्ही एक सिलिंडरचे, मागच्या दोन चाकांवर चालणारे. दुरुस्ती सोपी, डिझेल कमी. अडीच-तीन फुटी रोटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर), कुळव, छोटी ट्रॉली एवढी कामं ते करतात. मुरमाड, हलक्या रानाला हे पुरतात. काळ्या रानात पाऊस झाल्यावर मात्र मागचं चाक जागेवर फिरतं, डिफरन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) टाकूनही फारसं भागत नाही. एक सिलिंडरचा हादराही जास्त, चार-पाच तासांनी तो कमरेला जाणवतो.

२४ ते २८ एचपीचे फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद जाणारे, हा खरा बागेचा ट्रॅक्टर. महिंद्रा जिवो २४५ दोन सिलिंडरचा, कुबोटा निओस्टार बी२४४१ तीन सिलिंडरचा. दोघांची लिफ्ट, म्हणजे अवजार उचलण्याची ताकद, ७५० किलोंची. जॉन डिअर ३०२८ ईएन हा २८ एचपीचा, तीन सिलिंडरचा. यांच्यात निवड करताना कागदावरच्या आकड्यांपेक्षा दोन गोष्टी पाहाव्यात. एक, पीटीओचे, म्हणजे मागच्या अवजाराला फिरवणाऱ्या शाफ्टचे, एचपी. ते इंजिनाच्या एचपीपेक्षा नेहमी कमी असतात, आणि रोटर-ब्लोअर त्यांच्यावरच चालतात. दोन, सुटे भाग आणि मिस्त्री किती लांब आहे. सोलापूर जिल्ह्यात सांगोल्याच्या किंवा मंगळवेढ्याच्या वस्तीवर ट्रॅक्टर बंद पडला आणि मिस्त्री दोन दिवसांनी आला, तर तेवढ्यात फवारणीची वेळ निघून गेलेली असते. द्राक्षाचा मांडव असेल तर उभा सायलेन्सर तारांना अडकतो. खालून जाणारा सायलेन्सर आणि दुमडणारी सुरक्षा चौकट मागून घ्यावी.

आता पैशाचं गणित. समजा ट्रॅक्टर आणि साडेतीन फुटी रोटर मिळून साडेसहा लाख लागले आणि दहा वर्षांनी अडीच लाख आले. वर्षाची घट ४० हजार. सरासरी साडेचार लाखांवर दहा टक्के व्याज ४५ हजार. विमा, सर्व्हिसिंग १३ हजार. एकूण ९८ हजार, ट्रॅक्टर उभा राहिला तरी. भाड्याच्या ट्रॅक्टरला तासाला ९०० रुपये आणि घरच्याला डिझेल-ऑइल २५० धरलं तर तासाला ६५० वाचतात, म्हणजे वर्षाला १५० तास चालला तरच बरोबरी. आपल्या गावातला दर घालून हेच गणित पुन्हा करावं. तीन एकर डाळिंबात २० फवारण्या अडीच-अडीच तासांच्या, मशागतीच्या सहा पाळ्या सहा-सहा तासांच्या, वर शेणखत आणि छाटलेल्या फांद्यांची ओढणी धरून १२० तासांच्या आसपास होतात. नुसत्या हिशोबात तीन एकराला भाड्याचा बरा, चार-पाच एकराला घरचा. तरीही डाळिंबवाल्याने तीन एकरालाही घरचा घ्यावा असं आमचं ठाम मत आहे. पावसाळी मृग बहारात पाऊस उघडला की तेलकट डाग या रोगासाठी फवारणी त्याच दिवशी लागते, आणि त्या दिवशी गावातला प्रत्येक ब्लोअर दुसऱ्याच्या बागेत असतो.

एक काम मात्र छोट्या ट्रॅक्टरकडून होणार नाही: खोल नांगरट. हराळी आणि लव्हाळा असलेल्या रानात रोटर मारला की मुळांचे आणि गाठींचे तुकडे होतात, आणि पुढच्या पावसात प्रत्येक तुकडा फुटतो. अशा मोकळ्या रानाला एप्रिल-मेमध्ये ४५-५० एचपीचा भाड्याचा ट्रॅक्टर लावून नांगरट करावी, मुळ्या उन्हात वाळू द्याव्यात आणि वेचून बाहेर काढाव्यात. फक्त रोटरवर वर्षानुवर्षं भागवलं तर पाच-सहा इंचांखाली कडक थर बसतो आणि त्यावर पाणी साचतं.

काळ्या रानात रोटर वाफशावरच चालवावा. मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचा. फुटून विखुरला तर वाफसा आहे. चपटा झाला तर थांबायचं, नाहीतर माती पात्यांना चिकटते आणि वाळल्यावर विटेसारखी होते. डाळिंबाच्या खोडापासून दोन फूट लांब आणि उथळ चालवावा. तुटलेल्या मुळांतून मर रोगाला वाट मिळते. ठिबकची १६ एमएमची नळी आधी बाजूला घ्यावी. ती रोटरच्या शाफ्टला गुंडाळली की ऑइल सील फाटतं, गिअरबॉक्सचं तेल गळतं आणि कोरडे गिअर घासून जातात. तेलकट डाग असलेल्या फांद्या बागेत कुटायच्या नाहीत, बाहेर नेऊन जाळायच्या. काटे टायरमध्ये जातात तो त्रास वेगळाच, आणि बांधावर वेडी बाभूळ असेल तर जास्तच.

इंजिनाला मारतात दोन गोष्टी: धूळ आणि बोअरचं पाणी. उन्हाळ्यात ऑइल बाथ एअर फिल्टरचं तेल रोज पाहावं, मळी साचली की बदलावं. रेडिएटरमध्ये बोअरचं जड पाणी टाकलं की क्षार बसतात आणि मे महिन्यात इंजिन तापतं. तयार कूलंटच टाकावं. पहिलं ऑइल साधारण ५० तासांनी बदलतात, पुढचं पुस्तकात दिलेल्या तासांनुसार. फिरत्या पीटीओ शाफ्टजवळ सैल धोतर, पदर, उपरणं चालत नाही. कव्हर नसलेला शाफ्ट घेऊच नये.

अनुदान घ्यायचं असेल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज, मग निवड, मग पूर्वसंमती, आणि त्यानंतरच बिल. आधी खरेदी केली तर अनुदान जातं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, टायर आणि सुट्या भागांवरचा १८ वरून ५ वर; त्याआधीचं कोटेशन कोणी दाखवलं तर नवं मागावं. सोलापूर जिल्ह्यात नोंदणी सोलापूरला एमएच-१३ ला होते, अकलूजच्या हद्दीतल्यांची एमएच-४५ ला. बयाणा देण्याआधी आपल्याच रानात, आपलाच रोटर लावून तासभर डेमो घ्यावा. रोटर उचलल्यावर पुढची चाकं हलकी होत असतील तर पुढचं वजन कमी पडतंय. तसं असेल तर वजनाच्या प्लेटा बिलातच लिहून घ्याव्यात.