गिटारवरचे नॉब ठेवायचे की काढून टाकायचे?

सोलापुरात लग्नाच्या ऑर्केस्ट्रात किंवा गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात इलेक्ट्रिक गिटार वाजवणारे बरेच जण सगळा आवाज पेडलवरच (पायाने चालवायच्या इफेक्टच्या डब्यांवर) बसवतात. गिटारवरचे व्हॉल्यूम आणि टोनचे नॉब कायम दहावर, म्हणजे पूर्ण उघडे. मग पॉट, म्हणजे नॉबखालचे फिरते रेझिस्टर, खरखरायला लागले की प्रश्न येतो: बदलायचे, की पिकअपची (तारांची थरथर पकडणाऱ्या चुंबकी भागाची) वायर थेट जॅकला जोडून मोकळं व्हायचं?

थेट जोडणीत आवाज खरंच उजळतो. पॉट दहावर असला तरी थोडी ट्रेबल (आवाजातली तीक्ष्ण धार) खातोच; आकडा लहान तितकी जास्त. म्हणून सिंगल कॉइलला (एका वेटोळ्याचा, उजळ पिकअप) सहसा २५० किलोओहमचा आणि हंबकरला (दोन वेटोळ्यांचा, जाड आवाजाचा) ५०० चा पॉट लावतात. घरी रेकॉर्डिंगच करायचं असेल तर हा मार्ग चांगला आहे. स्टेजसाठी मात्र मी कुणालाही सुचवणार नाही.

कारण व्हॉल्यूमचा नॉब फक्त आवाज कमी-जास्त करत नाही. फझ किंवा ओव्हरड्राइव्ह (आवाज फाडणारे, म्हणजे डिस्टॉर्शनचे पेडल) चालू असताना तो सहावर आणला की सूर फाटायचा थांबतो, जवळजवळ स्वच्छ होतो. डिस्टॉर्शनच्या नंतर लावलेल्या व्हॉल्यूम पेडलने हे होत नाही; आवाज लहान होतो, पण फाटका तो फाटकाच राहतो. स्ट्रॅटवर (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवर) हा नॉब तारांच्या इतका जवळ असतो की वाजवता वाजवता करंगळीने फिरवता येतो. गायकाने मुखडा धरला की खाली, म्युझिक पीस आला की वर. मिक्सरवाल्याला खुणा करत बसावं लागत नाही. व्हॉल्यूम उतरवल्यावर आवाज मंद वाटत असेल तर पॉटवर ०.००१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून घ्या. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनने स्वतः जुळवलेल्या गिटारवरही एक व्हॉल्यूम होताच, नॉबवर ‘टोन’ लिहिलेलं असलं तरी.

टोनच्या नॉबचं तसं नाही. १९५२ च्या गिब्सनच्या लेस पॉल गिटारवर दोन टोन, १९५४ च्या स्ट्रॅटवरही दोन, तरी स्ट्रॅटच्या ब्रिज पिकअपला (तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात त्या ब्रिजजवळचा) एकही जोडलेला नव्हता! हंबकर आणि स्वतःचा ॲम्प असेल तर टोन काढला तरी चालेल. पण आपल्याकडे अनेकदा पेडलमधून थेट मिक्सरला जावं लागतं, आणि तिथे सिंगल कॉइल कानात टोचते. टोन सातवर आणला की लगेच बरं वाटतं. उजळपणाही हवा असेल तर नो-लोड पॉट घ्या. दहावर गेला की तो सर्किटमधून बाहेर पडतो.

म्हणजे व्हॉल्यूम ठेवाच, टोनचं तुमच्या पिकअपवर ठरवा. आणि नुसती खरखर असेल तर आधी पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत भरपूर फिरवा. सोलापूरच्या धुळीत बऱ्याचदा तेवढंच पुरतं.

तरीही काढायचेच असतील तर पॉटच्या पाठीवर सोल्डर केलेल्या वायरी आधी नीट बघा. ब्रिजकडून येणारी ग्राउंडची वायर बहुतेक तिथेच असते. ती जॅकच्या ग्राउंडला परत जोडायची राहिली, तर गिटार आधीपेक्षा जास्त गुणगुणेल.