रविवार पेठेतलं सुट्या चहाचं दुकान: आधी प्रश्न, मग पावडर

घरी चहा करणाऱ्यांसाठी लिहितेय, बाहेर पिणाऱ्यांसाठी नाही. रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला एक अरुंद दुकान आहे, पाटीवरची निम्मी अक्षरं उडालीयत आणि 'चहाचे व्यापारी' एवढंच धड वाचता येतं. आमच्याकडे आधी सासूबाई इथून चहा आणायच्या, आता मी आणते, आणि पुण्यात कोपऱ्याकोपऱ्यावर नवनवे चहावाले निघाले तरी घरच्या चहासाठी मी या दुकानाला पाचपैकी पाच देईन.

तिथे जाऊन "काका, पाव किलो द्या" म्हटलं की लगेच वजन होत नाही. काका विचारतात, ताई दूध कुठलं, म्हशीचं की पिशवीचं? पाणी किती, दूध किती? पावडर टाकल्यावर किती वेळ उकळता? आलं घालता का? नवीन माणूस जरा बावरतो आणि मागे गर्दी असेल तर लोक चुळबुळ करतात, पण हे प्रश्न विचारायलाच हवेत असं माझं ठाम मत आहे, कारण एकच पावडर दोन घरांत दोन तऱ्हेची लागते आणि दोष बिचाऱ्या पावडरला मिळतो.

आपण वापरतो तो दाणेदार चहा म्हणजे सीटीसी. पानं दातेरी रोलरमधून चिरडून, फाडून त्याचे दाणे वळवतात, ही पद्धत १९३० च्या दशकात आसाममध्ये निघाली आणि आज भारतात होणारा बहुतेक चहा असाच बनतो. आता यातही दाणा मोठा असला की रंग सावकाश उतरतो आणि चव भरदार येते, डस्ट म्हणजे अगदी बारीक असली की मिनिटभरात गडद रंग येतो पण जरा जास्त उकळलं की जिभेवर तुरट. ज्याला भराभर चहा काढायचाय त्याला डस्ट बरोबर आहे. घरी आपण पातेलं गॅसवर ठेवून फोन घेतो, कुणाचा तरी डबा भरतो, तेवढ्यात डस्टचा काढा होतो. म्हणून माझं ऐकून घेतल्यावर काका दोन भाग आसामचा मोठा दाणा, एक भाग बारीक आणि वरून थोडा निलगिरीचा असं मिक्स करून देतात. आसामने कडकपणा येतो, निलगिरीने वास. मागे भिंतीला कागदी गोण्या लावलेल्या असतात, त्यावर मळ्याचं नाव आणि बीओपी, बीपी, पीडी अशी दाण्याच्या आकाराची ग्रेड छापलेली असते, विचारलं तर हात धरून दाखवतात. आसामचा सेकंड फ्लश, म्हणजे साधारण मे-जूनमध्ये खुडलेल्या पानांचा माल आला की ते स्वतःहून सांगतात, आणि त्या मालाचा खमंगपणा खरंच वेगळा असतो, तेव्हा जरा जास्त पैसे लागले तरी घ्या.

गर्दी नसेल तर चवही दाखवतात. पांढऱ्या कपात पावडर, वर खळखळतं पाणी, झाकण, पाच-सहा मिनिटं गप्प बसायचं. दूध नाही, साखर नाही. चहा तपासायची आंतरराष्ट्रीय पद्धत अशीच आहे, आयएसओ ३१०३ नावाचं मानकच आहे त्यासाठी, १०० मिली पाण्याला २ ग्रॅम चहा आणि ६ मिनिटं. रोज पिण्यासाठी तो चहा नव्हेच, दोन माल शेजारी ठेवून फरक कळावा म्हणून ती पद्धत. पण कोऱ्या चहात सगळं उघडं पडतं, जुना माल सपक लागतो, चांगला असेल तर रंग लालसर, चकचकीत दिसतो. मी तरी चव घेतल्याशिवाय नवीन मिक्स आणत नाही.

आता ही पावडर घरी आणून वाया घालवू नका म्हणून कृती सांगते, दोन कपांची. पाणी सव्वा कप, गार असतानाच त्यात ठेचलेलं आलं आणि गवती चहाची दोन पाती, आणि हे तीन-चार मिनिटं नीट उकळू द्या. आलं दुधात टाकायचं नाही, कच्च्या आल्यात दुधातली प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं, त्याने दूध फाटतं आणि मग लोक दूधवाल्यावर चिडतात. पाण्यात उकळलं की ते निकामी होतं. मग साखर, मग दोन सपाट चमचे पावडर, आणि इथून दीड-दोन मिनिटं, बास. याच्या पुढे उकळलं की कडकपणा वाढत नाही, कडवटपणा वाढतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडे 'कडक' म्हणून जो चहा देतात त्यातला निम्मा नुसता कडवट असतो. मग पाऊण कप दूध, गरम केलेलं! फ्रिजमधलं गार दूध ओतलं की उकळी बसते, ती परत येईपर्यंत पावडर तशीच पाण्यात भिजत राहते. दुधातली प्रथिनं चहातला तुरटपणा धरून ठेवतात म्हणून म्हशीच्या दुधाला पावडर थोडी जास्त सोसते, पिशवीच्या पातळ दुधाला कमी घाला. दोनदा वर येऊ द्या, गॅस बंद, वेलची आता चुरडून टाका कारण आधी टाकली तर तिचा वास स्वयंपाकघरात जातो आणि कपात काही उरत नाही, झाकण ठेवून मिनिटभर मुरू द्या आणि गाळा. गाळणीतला चोथा चमच्याने दाबून पिळू नका, सगळा तुरटपणा कपात येतो. आणि उरलेला चहा परत गरम करून पाहुण्याला देऊ नये, नवीन टाकावा.

दुकानात काय आवडत नाही तेही सांगते. पावडर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत देतात, त्यावर तारीख नाही काही नाही, आणि आळीत आजूबाजूला मसाल्यांची दुकानं. चहा कुठलाही वास पटकन ओढून घेतो, त्यामुळे घरी आलं की लगेच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ओता आणि हा डबा मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवू नका. तयार चहा मसालाही विकतात, तो घेऊ नका, त्यात सुंठ आणि मिरीच इतकी असते की एवढा निवडून आणलेला आसाम झाकला जातो. घरपोच सोय नाही, पार्किंगचं नाव काढू नका, मंडईपासून चालत जा.

भाव पाकिटापेक्षा थोडा वर पडतो पण पावडर कमी लागते म्हणून महिन्याच्या हिशोबात फार फरक दिसत नाही. सुटा माल म्हणून भेसळीची भीती वाटत असेल तर सोपी तपासणी आहे, गाळण कागद पसरून त्यावर चिमूटभर पावडर टाका, पाण्याचे थेंब सोडा, पावडर काढून कागद नळाखाली धरून उजेडात बघा, रंग लावलेला असेल तर डाग लगेच उठून दिसतात. इथल्या मालाचे मी अजून तरी असे डाग पाहिलेले नाहीत. घेताना एका वेळी पाव किलोच घ्या, दोन-तीन माणसांच्या घरात त्याहून जास्त आणली तर डब्याच्या तळाशी पोचेपर्यंत वास उडालेला असतो.