कुळे ते कॅसलरॉक : बोगद्यांसाठी करावा असा रेल्वेप्रवास

मडगावहून लोंढ्याकडे जाणाऱ्या गाडीत बहुतेक प्रवासी दूधसागरासाठी खिडकी धरतात आणि धबधबा मागे पडला की आपापल्या जागी परततात. माझ्या मते मात्र या प्रवासाचे खरे मोल घाटातल्या जुन्या बोगद्यांत आहे.

कुळे स्थानकावर गाडी रेंगाळते, कारण पुढच्या, कॅसलरॉक स्थानकापर्यंतच्या सुमारे २६ किलोमीटरच्या घाटात ३७ मीटरला एक मीटर असा चढ असून मागून रेटा देणारी इंजिने, म्हणजे बँकर, जोडल्याशिवाय ती वर जाऊ शकत नाही. त्यानंतरची संथ चाल ही तर पाहणाऱ्याची सोयच आहे. बोगद्याच्या तोंडाशी घडीव दगडाची कमान, आत सुरुंगाने फोडलेला ओबडधोबड कातळ, त्यावरून झिरपणारे पाणी आणि गाडी जाताना गँगमनना, म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्या कामगारांना, अंग चोरून उभे राहता यावे म्हणून भिंतीत ठेवलेले कोनाडे, हे सारे खिडकीतून नीट दिसते. शेवटच्या डब्यात बसल्यास समोरची झाडी उजेडात आली तरी मागच्या इंजिनांचा घुमणारा आवाज काही क्षण बोगद्यातूनच येत राहतो.

या कामामागे १८७८ सालचा इंग्रज-पोर्तुगीज करार आहे. मुरगाव बंदर ब्रिटिश मुलखाशी जोडले जावे, ही पोर्तुगिजांची इच्छा होती. त्या बदल्यात गोव्यातील मिठाच्या उत्पादनावरचे नियंत्रण इंग्रजांच्या हाती गेले आणि पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळू लागले. पैसा सरकारजमा झाला, झळ मात्र मिठागरवाल्यांना बसली, आणि बोगद्यांच्या कौतुकात हे विसरले जाऊ नये असे मला मनापासून वाटते. लंडनमध्ये स्थापन झालेल्या ‘वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे’ कंपनीने हा मार्ग बांधला. नावातली ‘हमी’ पोर्तुगीज सरकारने भांडवलावरील व्याजाची दिलेली होती. १८८७ मध्ये गाडी मुरगावहून सावर्ड्यापर्यंत आली, आणि घाट ओलांडायला १८८८ उजाडले. करार १८९२ मध्ये संपला, बोगदे राहिले. मीटर गेजचा हा मार्ग ब्रॉड गेज झाला तो १९९० च्या दशकात.

इथे दुसरा रूळ टाकण्याच्या प्रकल्पाला मोले अभयारण्यामुळे मोठा विरोध झाला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची वन्यजीवविषयक मंजुरी रद्द केली. जंगलाला इतके बिलगून जाणारा मार्ग पाहिल्यावर तो विरोध कशासाठी होता हे सांगावे लागत नाही.

वातानुकूलित डब्याच्या काचेतून बोगद्याच्या भिंती धूसर दिसतात, म्हणून साधा स्लीपर किंवा जनरल डबाच निवडावा. पाऊस ओसरत आलेला असताना, दिवसाउजेडी घाट चढणारी गाडी घ्यावी, कारण भर पावसात खिडकी बंद ठेवावी लागते. रुळांवरून चालत जाऊन बोगदे पाहण्यास मनाई आहे आणि ती पाळावीच, कारण त्या अरुंद जागेत गाडी आल्यास बाजूला व्हायला वाव नसतो. कॅसलरॉकला उतरणार असाल, तर परतीची गाडी तिथे थांबते का आणि कधी, हे निघण्यापूर्वीच पाहून ठेवावे.