जाहिरातीच्या नावाखाली बेळगावात झालेली फसवणूक : दुकानदारांनी जरूर वाचावं

वडगाव-शहापूर भागात आमचा साड्यांचा धंदा आहे. लग्नसराईत चंदगड, गडहिंग्लजपासून पार गोव्यापर्यंतची माणसं बस्ता बांधायला बेळगावात येतात. त्यांच्यापर्यंत फेसबुक-इन्स्टाग्रामवरून पोहोचावं म्हणून शहरातल्याच एका एजन्सीला आम्ही काम दिलं. तिनं आम्हाला कसं लुबाडलं ते मुद्दाम लिहितोय, कारण तिची माणसं आता निपाणी-संकेश्वरच्या बाजारात फिरतायत असं पाहुण्यांकडून कळलं.

बोली अशी होती : महिन्याला ठरलेली रक्कम, त्यातच जाहिरातीचा खर्च, आणि दहा हजार फॉलोअर्सची गॅरंटी. फॉलोअर्स भराभर वाढलेही. भाचीनं यादी उघडून बघितली, तर नावं भलत्याच देशांतली, फोटो नाहीत, एक पोस्ट नाही. असले फॉलोअर्स घाऊक विकत मिळतात. त्यातला एकही दुकानाची पायरी चढणार नसतो. वर नुकसान वेगळंच. नवी पोस्ट आधी थोड्या लोकांना दाखवली जाते आणि त्यांनी दाद दिली नाही की ती पुढं फारशी सरकत नाही. या खोट्या गर्दीपायी खऱ्या गिऱ्हाइकांनाही आमचा माल दिसेनासा झाला.

जाहिराती तर दिल्याच नव्हत्या. फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीची ‘अ‍ॅड लायब्ररी’ कुणालाही फुकट बघता येते. पेजचं नाव टाकलं की चालू जाहिराती समोर येतात. आमच्या नावावर काहीच नव्हतं. हिशेब मागितला तर साध्या कागदावर आकडा लिहून दिला. खऱ्या जाहिरातीचा खर्च अ‍ॅड अकाउंटच्या बिलिंगमध्ये नोंदलेला असतो आणि पावती तिथूनच डाउनलोड होते. तीच मागा.

आम्ही पैसे थांबवले आणि मग खरा घाव बसला. पेज एजन्सीनं स्वतःच्या खात्यावर उघडलं होतं, ताबा सगळा तिचा. त्यावरचा आमचा फोन नंबर बदलला गेला. चंदगडच्या एका जुन्या गिऱ्हाईक ताईंचा दुकानात फोन आला, “दादा, आगाऊ पैसे पाठवलेत, पार्सल कधी लावताय?” पैसे आमच्याकडं आलेच नव्हते. लेकीच्या साखरपुड्याची साडी होती ती. आम्ही साडी दिली, पण वर्षानुवर्षांच्या विश्वासावर कुणीतरी असा डल्ला मारावा, याचा संताप अजून जात नाही.

ताईंना लगेच 1930 वर फोन करायला लावला. ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त. यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा. आम्ही बेळगावच्या सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे बघणाऱ्या) पोलिस ठाण्यात तक्रार दिली आहे.

आता नवं पेज आमच्या खात्यावर आहे, टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक कोड) लावलंय आणि जाहिरातीचे पैसे आमच्याच कार्डावरून जातात. पोस्ट टाकणाऱ्या पोराला तेवढ्यापुरताच अ‍ॅक्सेस. आणखी एक गोष्ट सीमाभागातल्या दुकानदारांसाठी. जाहिरातीत ठिकाण म्हणून ‘कर्नाटक’ निवडलं की चंदगड आणि गोवा दोन्ही सुटतात, आणि पैसे बेंगळुरू-म्हैसूरकडच्या लोकांवर खर्च होतात. नकाशावर बेळगावला पिन लावून भोवतालचं अंतर ठरवा. मजकूर मराठीत आणि कन्नडमध्येही द्या, कारण गिऱ्हाईक दोन्हीकडचं आहे. गुगल मॅपवर दुकान नोंदवायला गुगल पैसे घेत नाही, तेव्हा त्याची ‘फी’ मागणाऱ्याला सरळ वाटेला लावा.

जुनं पेज हे लिहीपर्यंत बंद झालेलं नाही आणि त्यावर आमच्याच दुकानाचे फोटो आहेत. तिथून कुणी पैसे मागितले तर पाठवू नका. आधी दुकानात या, नाहीतर पाटीवरच्या नंबरवर विचारा.