सर्टिफिकेटं डेटावरून काढायचीत: लाटेक की टाइप्स्ट?

सर्टिफिकेट, बॅज, हॉल तिकीट, म्हणजे पान तेच आणि नाव-नंबर तेवढे बदलतात अशा कामाला लाटेक घ्यावं की टाइप्स्ट (दोन्ही कोडसारखं लिहून त्याची पीडीएफ बनवणारी साधनं), हे ठरवत असाल तर दोन्ही वापरून झालंय म्हणून सांगतो. सीएसव्ही (स्प्रेडशीटमधून निघणारी, कॉमाने कॉलम वेगळे केलेली साधी फाइल) वाचायची आणि प्रत्येक ओळीसाठी लूप फिरवायचा, हे दोन्हीकडे सारखंच.

लाटेकमध्ये मी सीएसव्हीसिंपल हे सीएसव्ही वाचणारं पॅकेज वापरायचो. पान एकदा बसलं की बसलं, जुनी फाइल आजही मुकाट कंपाइल होते (म्हणजे तिची पीडीएफ निघते), याला खरंच तोड नाही. देवनागरी नावं असतील तर झीलाटेक किंवा लुआलाटेक (लाटेकचेच युनिकोड समजणारे प्रकार) लागतं, ते काही विशेष नाही.

माझं गाडं अडलं ते टक्क्याच्या चिन्हावर. लाटेकसाठी % म्हणजे कॉमेंट, त्यापुढचं ते वाचतच नाही. कुणाच्या ओळीत मधल्या कॉलमला ९२% असेल तर त्या ओळीतलं तिथून पुढचं सगळं गायब, मग कॉलम कमी पडतात, आणि कॉलम जुळले नाहीत की हे पॅकेज ती अख्खी ओळच गपचूप सोडून देतं. एरर नाही, वॉर्निंग नाही, पीडीएफ एकदम झकास, फक्त त्या माणसाचं सर्टिफिकेटच नाही! अंडरस्कोअर आला तर निदान बोंब तरी मारतं. अशी खास चिन्हं साधी अक्षरं म्हणून वाच असं सांगणारा 'रिस्पेक्ट ऑल' हा ऑप्शन आहे, कॉलम चुकले तर वॉर्निंग दे असं सांगायचीही सोय आहे, पण हे आधी माहीत असायला हवं ना. त्यात पत्त्यात कॉमा असला की स्प्रेडशीट तो डबल कोट्समध्ये घालून देते, ते याला कळत नाही, महिरपी कंस हवेत. डेटाटूल या दुसऱ्या पॅकेजला कोट्स कळतात, पण मोठ्या फाइलवर ते मला जरा रेंगाळल्यासारखं वाटलं.

टाइप्स्ट (२०२३ मध्ये ओपन सोर्स झालं) डेटा साधं टेक्स्ट म्हणून घेतं, मार्कअप (मांडणीच्या खुणा) म्हणून वाचतच नाही, त्यामुळे %, &, # काहीही येऊ दे, जसंच्या तसं छापतं. सीएसव्ही वाचताना रो-टाइप या ऑप्शनला डिक्शनरी दिलं की कॉलमच्या नावाने व्हॅल्यू उचलता येते. वॉच ही कमांड चालू ठेवली की सेव्ह केल्या केल्या पीडीएफ बदलते. बारीकसारीक गोष्टी आहेतच, आकडेसुद्धा स्ट्रिंग (साधा मजकूर) म्हणून येतात, लूपमध्ये शेवटी साधा पेजब्रेक टाकला तर मागे एक कोरं पान निघतं, तो 'वीक' करायचा, म्हणजे पुढे काही नसेल तर नवं पान निघत नाही.

टाइप्स्टची अजून १.० ही आवृत्ती आलेली नाही, नव्या आवृत्तीत कधीकधी सिंटॅक्स बदलतो, ते चालवून घ्यावं लागतं. लाटेकमध्ये टेम्प्लेट तयार असेल आणि डेटा तुम्हीच टाइप करत असाल तर उगाच हलू नका. पण डेटा चार जणांच्या हातून येत असेल तर मी तरी टाइप्स्टच म्हणेन. फक्त फोटो लावायचे असतील तर लाटेकमध्ये फाइल आहे का हे तपासता येतं, टाइप्स्टच्या माझ्याकडच्या आवृत्तीत तसं काही नाही, एक फोटो नसला की कंपाइलच थांबतं, म्हणून मी सीएसव्हीतच 'फोटो आहे/नाही' असा एक कॉलम ठेवतो आणि 'असेल तरच फोटो लाव' असा इफ लावतो.