‘आतर’साठी मराठी शब्द: विनवणी, साकडं की करुणा?

बायबलातल्या सफन्या संदेष्ट्याच्या पुस्तकातलं ३:१० मराठीत आणायला बसलं की एका शब्दापाशी पेन अडतं. कूशच्या नद्यांपलीकडून, म्हणजे इजिप्तच्याही दक्षिणेकडून, देवाचे ‘अताराय’ त्याच्यासाठी अर्पण घेऊन येतील, असं तिथे म्हटलंय. ‘अताराय’ म्हणजे ‘माझे आतार’. या अर्थाचं हे नाम हिब्रू बायबलात एवढं एकदाच येतं. बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या जेरोमने ‘विनवणारे’ असा अर्थ घेतला. सेप्तुआजिंत या जुन्या ग्रीक भाषांतराच्या रूढ पाठात हे शब्दच नाहीत. काहींना हे एखाद्या जमातीचं नाव वाटतं, पण तो मार्ग मला पळवाटेसारखा वाटतो.

नाम एकटं असलं तरी त्याचं क्रियापद ‘आतर’, म्हणजे विनवणं, वीसेक ठिकाणी भेटतं. आयिन, ताव, रेश ही त्याची तीन हिब्रू अक्षरं. निवड करायची तर आधी या क्रियापदाच्या घरी जाऊन यावं.

उत्पत्ती २५:२१. इसहाकाचं लग्न चाळिसाव्या वर्षी झालं आणि जुळी मुलं झाली तेव्हा तो साठ वर्षांचा होता. मधली वीस वर्षं रिबका निपुत्रिक. तिच्यासाठी तो देवाला विनवतो, तिथे ‘आतर’ येतं. लगेच पुढे देव ऐकतो, तिथेही तेच ‘आतर’, फक्त रूप बदललेलं. मागणारा आणि देणारा एकाच धातूत बसवलेत. मराठीत जवळात जवळ जायचं तर ‘इसहाकाने विनवलं आणि देवाने विनवून घेतलं’. ‘देव त्याला पावला’ हे कानाला कितीतरी गोड, पण मग शब्दाची जोडी तुटते.

अकराव्या शतकातला ज्यू भाष्यकार राशी इथे म्हणतो की या धातूत रेटा आहे आणि रास आहे. पुराव्याला तो यहेज्केल ८:११ घेतो: हातात धुपाटणी घेतलेले सत्तर वडीलधारे आणि वर चढत जाणारा धुपाचा दाट ढग. त्या दाटपणाला तिथे ‘अतार’ म्हटलंय. नीतिसूत्रे २७:६ मधल्या शत्रूच्या ढीगभर चुंबनांनाही हाच धातू. काही कोशकार दुसरीकडे जातात. अरबीत ‘अतीरा’ म्हणजे रजब महिन्यात दिला जाणारा जुन्या काळचा बळी. तिथून मुळात अर्थ ‘बळी देणं’ आणि मग ‘विनवणं’, असा प्रवास ते मांडतात. सफन्यातले ते लोक अर्पण घेऊनच येतात, त्यामुळे ही वाट अगदीच टाकाऊ नाही. मात्र धूप दिसला म्हणून ‘अत्तर’ आठवून हुरळू नका. ‘अत्तर’च्या मुळातल्या अरबी शब्दातला ‘त’ वेगळा, जड, हिब्रूतल्या ‘तेत’ अक्षराचा; ‘आतर’मध्ये आहे तो ताव. नुसत्या कानावर विसंबून व्युत्पत्ती लावायला गेलं की असंच फसायला होतं.

तालमुद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथातली जोड मला सगळ्यात आवडते. हिब्रूत ‘एतेर’ म्हणजे खळ्यावर धान्य वरखाली करायचं दाताळं, अक्षरं हीच. सज्जनाची प्रार्थना दाताळ्यासारखी का? दाताळं धान्य इकडचं तिकडे करतं, तशी ती देवाचं मन कठोरपणाकडून दयेकडे उलटवते. भाषाशास्त्र म्हणून ही जोड धरू नये. पण मळणी पाहिलेल्या माणसाला शब्दाचा जोर याहून नीट कुणी सांगू शकणार नाही.

आता मराठीचे पर्याय. ‘करुणा भाकणे’ सुरेख आहे, पण ते इथे खर्चू नका. त्यावर ‘तहिन्ना’ या दुसऱ्या हिब्रू शब्दाचा हक्क आहे. तो ‘हनन’ धातूचा. ‘हेन’ म्हणजे कृपा आणि ‘हिन्नाम’ म्हणजे फुकट, हे त्याचेच भाऊबंद. बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात (३:२३) मोशे यार्देन नदी ओलांडू दे म्हणून गयावया करतो, तो हा शब्द. तिथे मागणाऱ्याच्या पदरी काही नसतं. ‘आतर’वाला मात्र नेट लावून बसलेला असतो. ‘प्रार्थना’ तर ‘तेफिल्ला’ या प्रार्थनेच्या नेहमीच्या हिब्रू शब्दासाठी केव्हाच बुक झालेली. ‘याचना’ अर्थाने चालेल, पण तिची बहीण ‘याचिका’ कोर्टात बसते. गंमत म्हणजे आजच्या इस्रायलमध्ये उच्च न्यायालयात जी याचिका दाखल करतात तिला ‘अतिरा’च म्हणतात, याच धातूवरून. कायद्याचं भाषांतर करत असाल तर शोध इथेच संपला. सफन्यासाठी मात्र तो वास नको.

उरतात विनवणी आणि साकडं. ‘साकडं’ हा संकटातून आलेला शब्द. आपलं संकट देवाच्या गळ्यात घालायचं आणि त्यालाच पेचात टाकायचं. राशीचा रेटा यात पुरेपूर उतरतो. निर्गमच्या आठव्या अध्यायात तर तो चपखल बसतो. घरात, अंथरुणात, भट्ट्यांत, पीठ मळायच्या परातींत बेडूक झालेत आणि फारो मोशे-अहरोनाला सांगतो, ‘तुमच्या देवाला साकडं घाला.’ मोशे विचारतो, कधी घालू? फारो म्हणतो, उद्या. बेडकांसोबत आणखी एक रात्र काढायची तयारी असलेला हा राजा ‘विनंती’ या गुळगुळीत शब्दात कसा मावणार? पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, तेही गावाकडच्या बायकांना कळावं म्हणून. तो निकष मानला तर साकडं आणखी वरचढ. जात्यावरच्या बाईला तो शब्द समजावून सांगावा लागत नाही.

म्हणून निर्गमात मी डोळे झाकून साकडं घेईन. उत्पत्तीत मन दोन्हीकडे ओढतं: वीस वर्षांची चिकाटी साकड्यात आहे, पण मागणं-देणं एका धातूत राखायचं तर ‘विनवणे’च लागतं. मी तिथे जोडी राखेन. दर वर्षी ‘तोलदोत’चा, म्हणजे उत्पत्तीतल्या याच कथेचा, पाठ मुळातून ऐकणाऱ्या कोकणातल्या बेने इस्रायलींच्या, म्हणजे मराठी ज्यूंच्या, कानांना ती जोडी ओळखीची असणार, मराठीत ती का हरवावी?

आणि सफन्यात? तिथे साकडं बसत नाही. ही माणसं संकट घेऊन निघालेली नाहीत, लांबून हातात अर्पण घेऊन येतायत. माझ्या कच्च्या खर्ड्यात ओळ अशी आहे: ‘कूशच्या नद्यांपलीकडून मला विनवणारे, माझ्या पांगलेल्यांची लेक, माझं अर्पण घेऊन येतील.’ ‘विनवणारे’च्या बाजूला समासात पेन्सिलीने ‘धूप?’ असं लिहिलंय, आणि ते अजून खोडलेलं नाही.